ताडी दुपारनंतर आंबट का होते? उत्तर शोधलं वाईनच्या गावात वाढलेल्या लुई पाश्चरने

पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यात राहत असाल, तर नीरा आणि ताडीतला फरक तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. सूर्य वर यायच्या आत झाडावरून मडकं उतरवलं की आतला रस गोड असतो. ती नीरा. तोच रस ऊन चढेपर्यंत ठेवला की त्याला फेस येतो, गोडी कमी होते आणि डोकं हलकं व्हायला लागतं. ती ताडी. दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली तर तोंड वाकडं होईल इतकी आंबट.

गंमत म्हणजे मधल्या वेळात कुणीही त्यात काहीही घातलेलं नसतं.

आपल्या किनाऱ्यावरच्या भंडारी समाजाला आणि आतल्या भागातल्या आदिवासींना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. मडक्याला आतून चुना फासला की नीरा लवकर आंबत नाही, हेही त्यांना माहीत आहे. पण हे नेमकं का होतं, याचं उत्तर १८५० सालापर्यंत जगात कुणाकडेच पक्कं नव्हतं.

हे उत्तर ज्याने शोधलं त्याचं नाव तुम्ही रोज वाचता. सकाळी दारात पडलेल्या दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ असं लिहिलेलं असतं ना, तोच हा पाश्चर. लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, दूध आणि कुत्रा चावल्यावरचं इंजेक्शन. पण त्याच्या कामाची सुरुवात दुधापासून झालीच नव्हती. ती झाली होती वाईनपासून. आणि त्याचं पहिलं मोठं संशोधन ज्या आम्लावर होतं, ते आम्ल तुमच्या घरी माशाच्या कालवणात रोज पडतं.

कसं ते सांगतो. जरा सुरुवातीपासून बघू.

चामडं कमावणाऱ्याचा पोरगा

२७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल नावाच्या गावी लुईचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात होते. सैन्य सुटल्यावर ते जनावरांची कातडी कमावायचा घरचा धंदा करायला लागले. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्बुआ या गावी आलं. घर नदीकाठी, कारण कातडी धुवायला पाणी लागायचं.

हे आर्बुआ म्हणजे ज्युरा डोंगराच्या पायथ्याचं द्राक्षाचं गाव. आपल्याकडे नाशिक-दिंडोरी भागात जसं गावाचं सगळं वर्ष द्राक्षाभोवती फिरतं, तसंच तिथंही. तोडणीचा हंगाम आला की सगळं गाव बागेत. पुढे १९३६ साली फ्रान्सने वाईनला गावाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच यादीत आर्बुआचं नाव होतं. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला जे जीआय मानांकन मिळालंय, तसाच हा प्रकार समजा.

शाळेत लुई फार हुशार वगैरे नव्हता. बरा होता. त्याला नाद होता चित्रं काढायचा. आईची, वडिलांची, शेजाऱ्यांची त्याने काढलेली चित्रं आजही जपून ठेवली आहेत. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याला शिकायला पॅरिसला पाठवलं, तर गड्याला घरची इतकी आठवण यायला लागली की काही आठवड्यांत वडिलांना जाऊन त्याला परत आणावं लागलं.

पण नंतर तो जिद्दीने अभ्यासाला लागला. १८४३ साली पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नावाजलेल्या संस्थेत त्याला प्रवेश मिळाला आणि विषय निवडला तो रसायनशास्त्र.

चिंचेतलं आम्ल आणि आरशातली प्रतिमा

वाईनच्या पिंपात तळाला आणि कडेला पांढरट खडे साठतात. त्यातून टार्टारिक आम्ल मिळतं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाल्ल्यावर जीभ जी झणझणते ती मुख्यतः याच्यामुळे.

त्या काळी शास्त्रज्ञांना एक कोडं पडलं होतं. टार्टारिक आम्लाचे दोन प्रकार होते. दोघांत घटक तेच, प्रमाण तेच. पण एकाच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला की तो उजवीकडे वळायचा आणि दुसऱ्याच्या द्रावणातून तो सरळ निघून जायचा. असं का?

१८४८ साली पाश्चर पंचवीस वर्षांचा होता. त्याने या दुसऱ्या प्रकारच्या क्षाराचे खडे सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघितले. त्याला दिसलं की त्यात दोन जातींचे खडे मिसळलेले आहेत, एक डावा आणि एक उजवा. अगदी आपल्या दोन हातांसारखे. दिसायला सारखे, पण डाव्या हातात उजवा मोजा बसत नाही.

त्याने चिमट्याने एकेक खडा वेचून दोन ढीग केले. एका ढिगाचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं डावीकडे. दोन्ही एकत्र असले की परिणाम शून्य. कोडं सुटलं.

बियो नावाच्या एका वयोवृद्ध शास्त्रज्ञाचा यावर विश्वास बसेना. त्याने पाश्चरला घरी बोलावलं, स्वतःचं साहित्य दिलं आणि डोळ्यांसमोर सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. निकाल तोच आला. म्हातारा भारावून गेला आणि पुढे पाश्चरचा पाठीराखा झाला.

आता यात आपल्याला काय? तर तारापूर एमआयडीसीत औषधांच्या कंपन्यांत काम करणाऱ्या एखाद्या केमिस्ट मित्राला विचारा. औषधाच्या रेणूचा डावा आणि उजवा अवतार वेगळा असतो, एक गुणकारी आणि दुसरा निरुपयोगी किंवा घातक असू शकतो, हे आज औषधनिर्मितीतलं मूलभूत ज्ञान आहे. आणि हे दोन अवतार वेगळे करायला आजही जगभरच्या औषध उद्योगात टार्टारिक आम्ल वापरतात. त्या सगळ्याचं मूळ वाईनच्या पिंपाला चिकटलेल्या या खड्यांमध्ये आहे.

बीटाची दारू नासली आणि दिशा मिळाली

१८४९ साली पाश्चर स्ट्रासबर्गला शिकवत होता. तिथे त्याचं मारी लोराँ हिच्याशी लग्न झालं. ती विद्यापीठाच्या प्रमुखांची मुलगी. पुढची सेहेचाळीस वर्षं ती त्याची लेखनिक, मदतनीस आणि कामाची पहिली श्रोती होती. तिचं नाव शोधनिबंधांवर नाही, पण तिच्याशिवाय ते निबंध कागदावर उतरले नसते.

१८५४ साली तो लील या औद्योगिक शहरात विज्ञान शाखेचा प्रमुख झाला. तिथे बीटापासून अल्कोहोल काढायचे कारखाने होते. १८५६ साली एका विद्यार्थ्याचे वडील, बिगो नावाचे कारखानदार, त्याच्याकडे आले. त्यांच्या पिंपांत अल्कोहोल व्हायच्या ऐवजी माल आंबट होत होता आणि पैसा बुडत होता.

पाश्चर कारखान्यात गेला. चांगल्या पिंपातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर गोल गोल कण दिसले. ते यीस्ट होतं. नासलेल्या पिंपातला थेंब बघितला, तर तिथे बारीक, काडीसारखे वेगळेच जीव वळवळत होते.

त्या काळच्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचं मत होतं की आंबणं ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे, कुजण्यासारखी. यीस्ट दिसतं ते जणू उपउत्पादन. पाश्चरने १८५७ पासून एकामागून एक प्रयोग करून दाखवलं की आंबवण्याचं काम जिवंत जीव करतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. दुसरा जीव असला तर दुसरं काहीतरी होतं. दही लागतं ते वेगळ्या जीवामुळे, व्हिनेगर होतं ते वेगळ्या.

म्हणजे नीरेचं काय होतं ते आता कळलं. हवेतून, झाडाच्या सालीवरून, मडक्याच्या भेगांतून यीस्ट रसात उतरतं. ते साखर खातं, फेस येतो, ताडी होते. मग अल्कोहोलवर जगणारे दुसरे जीव येतात आणि व्हिनेगर होतं. चुन्यामुळे मडकं इतकं अल्कधर्मी होतं की या जिवांना तिथे संसार थाटता येत नाही. आपल्या लोकांना कारण ठाऊक नव्हतं, पण उपाय बरोबर सापडला होता.

मग ‘ड्राय’ वाईन म्हणजे काय?

हे कळलं की ड्राय वाईन ही भानगडही लगेच कळते. तिचा ड्राय डेशी काही संबंध नाही आणि पाणी न घालता प्यायची असंही नाही.

यीस्टने रसातली जवळजवळ सगळी साखर खाऊन संपवली की जी वाईन उरते ती ड्राय. गोडी नाही, फक्त आंबटपणा, फळाचा वास आणि अल्कोहोल. साखर संपायच्या आधी आंबणं थांबवलं किंवा थांबलं की गोड वाईन. आणि व्हाइट वाईन म्हणजे द्राक्षाचा रस सालीपासून लगेच वेगळा करून केलेली. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून व्हाइट वाईन फिकट आणि कमी तुरट लागते.

फ्रान्समध्ये ड्राय व्हाइटचे कितीतरी प्रकार आहेत. शाब्ली, मुस्काडे, सांसेर ही त्यातली गाजलेली नावं. पाश्चरच्या आर्बुआत साव्हान्या नावाच्या द्राक्षापासून एक अफलातून प्रकार करतात, ‘व्हँ जोन’ म्हणजे पिवळी वाईन. ती लाकडी पिंपात किमान सहा वर्षं आणि तीन महिने ठेवतात. पिंप भरून काढत नाहीत. वर रिकामी जागा राहते आणि तिथे यीस्टचा पातळ पडदा धरतो. हा पडदा हवेपासून वाईनला वाचवतो आणि तिला अक्रोडासारखा वास देतो. ती ६२ सेंटीलिटरच्या ठेंगण्या बाटलीत विकतात.

बादशहाचा निरोप

१८६० साली फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये व्यापार करार झाला. फ्रेंच वाईन इंग्लंडला स्वस्तात जायला लागली. पण जहाजातून, गोदामातून जाताना माल नासायचा. कुठे आंबट, कुठे कडू, तर व्हाइट वाईन तेलासारखी चिकट आणि तार सुटणारी. वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचं पिंपच्या पिंप ओतून द्यायची वेळ यायची. विचार करा, तुमचा द्राक्षाचा ट्रक मार्केटमध्ये पोचला आणि माल नापास झाला, तर घरी काय होईल. तेच तिथे होत होतं.

१८६३ साली बादशहा तिसऱ्या नेपोलियनने पाश्चरला यात लक्ष घालायला सांगितलं. पाश्चर कुठे गेला? थेट स्वतःच्या गावी.

१८६४ च्या हंगामात त्याने आर्बुआत एका जुन्या कॉफीच्या दुकानाच्या जागेत प्रयोगशाळा थाटली. गॅस नाही, नळ नाही. उपकरणं गावातल्या सुतार-लोहाराकडून करून घेतलेली. लहानपणीचे मित्र आपापल्या तळघरातल्या बाटल्या घेऊन यायचे. तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि चव न घेताच सांगायचा की ही आंबट झाली आहे, ही कडू. प्रत्येक रोगाचा जीव वेगळा होता आणि तो जीव दिसला की रोग कळत होता.

आता उपाय. औषध घातलं तर चव जाते. शेवटी त्याने साधी गोष्ट केली. बंद बाटलीत, हवा न लागू देता, वाईन थोडा वेळ ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. उकळवली नाही. त्रास देणारे जीव मेले आणि वाईन टिकली.

१८६५ साली त्याने याचं पेटंट घेतलं आणि नंतर पद्धत सगळ्यांसाठी खुली केली. तापवलेली आणि न तापवलेली वाईन जाणकारांना चाखायला दिली, नौदलाच्या जहाजावर पाठवून बघितली. १८६६ साली वाईनवरचं त्याचं पुस्तक आलं. याच पद्धतीला पुढे पाश्चरायझेशन म्हणायला लागले.

आणि एक गंमत सांगतो. चांगल्या प्रतीची वाईन आज सहसा पाश्चराइज करत नाहीत. त्यासाठी थोडं सल्फर डायऑक्साइड, बारीक गाळणी आणि कडक स्वच्छता वापरतात. पद्धत खरी रुजली ती दुधात. दुधाला ती लावायची कल्पना १८८६ साली सॉक्सलेट या जर्मन शास्त्रज्ञाने मांडली. आज दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं जातं. वाईनसाठी शोधलेला उपाय लहान मुलांचे जीव वाचवायला कामी आला.

घरातलं दुःख

हे सगळं चालू असताना घरात काय चाललं होतं, ते फार कुणी सांगत नाही.

पाश्चरला पाच मुलं झाली. थोरली जान नऊ वर्षांची असताना १८५९ साली आर्बुआतच टायफॉइडने गेली. १८६५ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी दोन वर्षांची कामी गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल टायफॉइडने गेली. वाईनवरचं पुस्तक आलं ते याच वर्षी.

सूक्ष्मजीव वाईनला आजारी पाडतात, हे ज्याने सिद्ध केलं, त्याच्या दोन मुली सूक्ष्मजीवानेच होणाऱ्या आजाराने गेल्या. वाईनला रोग होतो तर माणसालाही असाच होत असेल, हा विचार त्याच्या डोक्यात घट्ट बसला. पुढचं सगळं आयुष्य त्याने त्यातच घातलं.

त्याच काळात सरकारने त्याला रेशीमकिड्यांच्या रोगावर कामाला लावलं होतं. १८६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला पक्षाघात झाला आणि डाव्या बाजूवर कायमचा परिणाम राहिला. त्यानंतरची सत्तावीस वर्षं त्याने त्याच शरीराने काम केलं. ज्या कामांसाठी जग त्याला ओळखतं, ती बहुतेक याच्या नंतरची आहेत.

कापसात गुंडाळलेली द्राक्षं

१८७४ साली त्याने आर्बुआजवळ स्वतःची द्राक्षबाग घेतली. चार वर्षांनी ती प्रयोगाला कामी आली.

झालं असं की क्लोद बेर्नार या मोठ्या शास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर त्याच्या टिपणांतून एक मत पुढे आलं, की द्राक्षाचा रस यीस्टशिवायही आंबू शकतो. बेर्नार पाश्चरचा मित्र होता. पण पाश्चर वादात मैत्री बघायचा नाही.

त्याने १८७८ च्या उन्हाळ्यात आपल्या बागेत वेलींवर काचेची घरं उभारली. द्राक्षं कच्ची असताना घड निर्जंतुक कापसात गुंडाळले. हंगामात ही द्राक्षं पिळली, तर रस आंबलाच नाही. उघड्यावरच्या द्राक्षांचा रस मात्र नेहमीसारखा आंबला. म्हणजे यीस्ट द्राक्षाच्या आत नसतं, बाहेरून सालीवर येऊन बसतं. हे घड जपून आगगाडीतून पॅरिसला नेले आणि विद्वानांच्या सभेपुढे ठेवले.

आर्बुआतल्या या बागेतून आजही वाईन निघते.

लस, नाव आणि लपवलेल्या वह्या

पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात असतो, म्हणून थोडक्यात. १८७९-८० मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना त्याला कळलं की कमजोर केलेले जंतू टोचले तर संरक्षण मिळतं. १८८१ साली पुई-ल-फोर या गावी त्याने शेतकरी, डॉक्टर आणि पत्रकारांसमोर मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लशीचा जाहीर प्रयोग केला. लस दिलेल्या मेंढ्या उभ्या राहिल्या, बाकीच्या मेल्या किंवा मरायला टेकल्या. पाश्चर रातोरात हिरो झाला.

६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्याकडे आणलं. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे लचके तोडले होते. पाश्चर डॉक्टर नव्हता, त्यामुळे सुई दुसऱ्या डॉक्टरने टोचली. दहा-अकरा दिवसांत तेरा इंजेक्शनं दिली. पोरगा वाचला.

पण हिरोच्या गोष्टीत एक बाजू झाकलेली होती. मरताना त्याने घरच्यांना आपल्या प्रयोगांच्या वह्या कुणाला दाखवू नका, असं बजावलं होतं. जवळजवळ पाऊणशे वर्षं त्या बंद राहिल्या. १९७० च्या दशकात त्या अभ्यासकांसाठी खुल्या झाल्या आणि त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. मेंढ्यांवर वापरलेली लस त्याने लोकांना भासवलेल्या पद्धतीने केलेली नव्हती, ती सहकारी शांबेरलाँच्या रासायनिक पद्धतीने केली होती. आणि माइस्टरला जी पद्धत दिली, ती प्राण्यांवर जितकी तपासल्याचं जगाला वाटलं, तितकी तपासलेली नव्हती.

म्हणून तो ढोंगी ठरतो का? नाही. लस चालली, मुलं वाचली, सिद्धांत खरा निघाला. पण विज्ञान म्हणजे देवमाणसांचं काम नसतं, हे यातून कळतं. यश मिळालं तरी आधी काय केलं आणि काय लपवलं हे विचारावं लागतंच. लस आणि औषधांच्या चाचण्यांवर आज जे कडक नियम आहेत, ते याच कारणासाठी.

पॅरिसहून परळपर्यंत

१८८८ साली लोकवर्गणीतून पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे काम केलेला एक तरुण म्हणजे वाल्डेमार हाफकिन. तो १८९३ मध्ये कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातलं, तेव्हा त्याने इथे बसून प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाने आहे. वाईनच्या तळघरातून निघालेला धागा असा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

पाश्चरचं २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ निधन झालं. त्याला त्याच्याच संस्थेच्या तळघरात पुरलं आहे. तिथल्या छता-भिंतींवर त्याचं काम चित्रांत मांडलंय. मेंढ्या आहेत, कुत्रे आहेत, तुतीची पानं आहेत आणि द्राक्षाचे वेल आहेत.

मग पापलेटबरोबर काय?

आता खाण्याचा विषय, कारण तो राहिला तर वाचक चिडतील.

पाश्चरच्या गावात ड्राय व्हाइटबरोबर कॉम्ते नावाचं कडक चीज, मशरूम घातलेली कोंबडी आणि नदीतले मासे खातात. समुद्रकाठच्या फ्रान्समध्ये मुस्काडे किंवा शाब्लीबरोबर कालवं खातात, तीही कच्ची, वर लिंबू पिळून.

यामागचं गणित सोपं आहे आणि ते आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. आपण तळलेल्या बोंबलावर लिंबू पिळतो, कालवणात चिंच किंवा कोकम घालतो. आंबट चव तेल कापते आणि मासळीचा उग्र वास दाबते. ड्राय व्हाइट तेच करते. तिच्यातलं मुख्य आम्ल टार्टारिक, म्हणजे चिंचेतलंच. पाश्चरने चिमट्याने वेचलेले खडे आठवा.

रेड वाईन माशाबरोबर सहसा का घेत नाहीत, तेही कळेल. तिच्यात तुरटपणा जास्त आणि अनेकदा लोहही जास्त असतं. लोहाची माशातल्या तेलाशी गाठ पडली की तोंडात मासळीचा वास आणखी वाढतो.

त्यामुळे सातपाटीचं पापलेट, जो २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, ते नुसतं मीठ-हळद-लिंबू लावून भाजलेलं असेल, तर ड्राय व्हाइटशी छान जमतं. डहाणू-बोर्डीच्या पारशी-इराणी घरांतली पात्रानी मच्छी, म्हणजे केळीच्या पानात हिरव्या चटणीसह वाफवलेला मासा, तर जणू त्यासाठीच केलेली. तिसऱ्या, कालवं, कोलंबी हेही चालतं.

पण लालभडक तिखट कालवण असेल तर थांबा. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. तिथे थोडी गोडसर, थंड वाईन बरी किंवा सरळ सोलकढी. सोलकढीला तोड नाही, हे फ्रेंच माणूसही मान्य करेल.

आणि यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही. जव्हार-मोखाडा ओलांडून घाट चढलात की नाशिक. तिथे पिकणारी सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ ही द्राक्षं मूळची फ्रान्सचीच आहेत. बोर्डीत तर चिकूचीही वाईन होते. तिथल्या टाकीतही साखर खायचं काम यीस्टच करतं.

ही पिण्याची जाहिरात नाही. न पिणाऱ्याने सुरू करावं असं यात काही नाही. पण पुढच्या वेळी नीरावाल्याच्या मडक्यापाशी थांबलात, तर आत बघा. त्या फेसात जे काही चाललंय, ते समजून घ्यायला एका माणसाला अख्खं आयुष्य लागलं. आणि ते समजलं म्हणून आज आपल्या घरातल्या पोरांचे नासक्या दुधाने आणि कुत्र्याच्या चाव्याने होणारे मृत्यू टाळता येतात.

फक्त एकच लक्षात ठेवा. कुत्रा चावला तर जखम लगेच साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, तंबाखू, चुना लावत बसू नका. चुना मडक्यात ठीक आहे, जखमेवर नाही.